आत्याने पाडलेला भाव

गोरेगाव, मुंबई
रविवार, रात्री साडेअकरा

प्रिय सुहास,

तुझं पत्र मिळालं. दीड पान नाशिकच्या थंडीवर, अर्धं सासऱ्यांच्या मोतिबिंदूवर, आणि मुद्द्याचं एक वाक्य सहीच्या वर कोंबलेलं: पुतणी सुट्टीत येतेय, तिला डी अँड डी (डंजन्स अँड ड्रॅगन्स, गोष्टीतलं पात्र होऊन खेळायचा फाशांचा खेळ) खेळायचंय, नवख्या माणसासाठी सोपं ॲडव्हेंचर, म्हणजे खेळायची तयार गोष्ट, कुठली? लेका, हे पहिल्या ओळीत विचारायचंस.

आता तू विचारलंच आहेस तर एक कबुलीजबाब देऊन टाकतो. आपला तो पावसाळ्यातला शनिवार आठवतो? २०१४ चा स्टार्टर सेट, नवख्यांसाठीचा डबा, कोणीतरी अमेरिकेहून आणला होता, मी पहिल्यांदाच डीएम, म्हणजे गोष्ट सांगून खेळ चालवणारा, झालो होतो आणि तुम्ही पाच जण आमच्या हॉलमध्ये सतरंजीवर बसला होतात. त्यातलं ॲडव्हेंचर ‘लॉस्ट माइन ऑफ फँडेल्व्हर’. बैलगाडीतून सामान न्यायचं, रस्त्यात दोन मेलेले घोडे आडवे पडलेले, झुडपात चार गॉब्लिन, म्हणजे बुटके लुटारू राक्षस. तू जादूगार. पहिल्या लेव्हलचा, म्हणजे अगदी नवखा, जादूगार म्हणजे आठेक हिट पॉइंट, तेवढाच जीव, आणि गॉब्लिनच्या तलवारीचा वार नेमका बसला तर आठापर्यंत जातो. तू दुसऱ्याच फेरीत आडवा झालास आणि बटाटेवड्यांकडे वळलास. साडेआठपर्यंत पाचही जण जमिनीवर. मी चेहरा पाडून पुस्तक मिटलं, म्हटलं, ‘संपलं.’ तुम्ही भिजत स्टेशनला गेलात. त्यातला एक जण पुन्हा कधी आलाच नाही. त्याच्या दृष्टीने या खेळात तासभर शीट, म्हणजे पात्राच्या माहितीचा कागद, भरायची आणि पंधरा मिनिटांत मरायचं.

पुढे वर्षभराने तेच पान मी नीट वाचलं. त्यात स्पष्ट लिहिलंय की गॉब्लिन जिंकले तर ते कोणाला मारत नाहीत, बेशुद्ध सोडतात, गाडी लुटतात आणि आपल्या गुहेकडे चालते होतात. म्हणजे तुम्ही शुद्धीवर आला असतात, सामान गेलेलं, गुहेकडे पाऊलवाट गेलेली, आणि खरी मजा तिथून सुरू! मी ती ओळ वाचलीच नव्हती. इतकी वर्षं तुझ्यापासून लपवली. आता शिव्या घाल.

म्हणून तुझ्या प्रश्नावर माझा उलटा प्रश्न आहे: सोपं, पण कोणाला? पुतणीला नियम येत नसले तर काही बिघडत नाही. ‘मी दारामागे लपते’ एवढं तिला बोलता आलं की झालं, फासा कुठला टाकायचा ते तू सांग. ॲडव्हेंचर सोपं हवं ते तुला. तुझ्या डोक्यात ते संपूर्ण मावलं पाहिजे, आणि त्याच रात्री संपलं पाहिजे. फँडेल्व्हर चांगलंच आहे, पण पाचव्या लेव्हलपर्यंत जातं, म्हणजे कित्येक बैठका. पाहुणी मुलगी आठ दिवसांनी परत जाणार. अर्ध्यावर सोडलेली गोष्ट तिला का द्यायची?

आता आत्याची गोष्ट ऐक. गेल्या पावसाळ्यात ती आठवडाभर आमच्याकडे होती. आमची पोरं दर रविवारी का ओरडतात ते तिला बघायचं होतं, आणि त्या रविवारी लोकल बंद पडल्यामुळे एकही पोरगं आलं नाही. म्हटलं, बस तूच. २०१९ चा ‘इसेन्शियल्स किट’ काढला. त्यात ‘ड्रॅगन ऑफ आइसस्पायर पीक’ आहे, आणि एकच खेळाडू असला तर त्याच्या जोडीला साइडकिक, म्हणजे मदतनीस पात्र, द्यायचे नियमही आहेत. तुमची दोघांचीच बैठक होणार असेल तर हे फार उपयोगी. शिवाय ते सगळं ॲडव्हेंचर एका फलकावर लावलेल्या सुट्ट्या कामांचं आहे. त्यातलं एक काम उचलायचं, बाकीचं पुस्तक विसरायचं. शीट मात्र जुन्या स्टार्टर सेटमधलं तयार दिलं, बुटक्या धर्मोपदेशकाचं. ‘उंची माझ्याएवढीच आहे, चालेल,’ म्हणाली.

मी उचललेलं काम असं: टेकडीवर एक पवनचक्की, आत औषधपाणी करणारी सुईण अडकलेली, आणि बाहेर मँटिकोर. सिंहाचं अंग, माणसासारखं तोंड, पंख, शेपटीला काटे. अडुसष्ट हिट पॉइंट! पहिल्या लेव्हलच्या माणसाने त्याच्याशी लढायचं म्हणजे सरळ मरण. जुना मी असतो तर आत्याला चहा थंड व्हायच्या आत मारली असती. पण या खेपेला पान तीनदा वाचलं होतं. हा प्राणी बोलतो, आणि त्याला पटवून वाटेला लावता येतं.

मी आवाज घोगरा करून म्हटलं, ‘कोण आहे तिकडे?’ तुम्ही पाच जणांनी हत्यारं उपसली असती. आत्या म्हणाली, ‘आधी तू सांग, तुला काय पाहिजे?’

मी गडबडलो. म्हटलं, भूक लागलीय.

‘मग त्या बाईचं दार कशाला फोडतोस? ती सुईण आहे. तिच्या अंगावर मांस ते किती असणार!’

मी पंचवीस सोन्याची नाणी मागितली. ती पाचवर अडून बसली. दादरच्या बाजारात पापलेटचा भाव ऐकून कोळणीपुढे दोन पावलं मागे सरकते ना, तशी सोफ्यावर मागे सरकली आणि म्हणाली, ‘राहू दे मग, पलीकडे बघते.’ पलीकडे कोणीही नव्हतं, सुहास! शेवटी दहा नाणी आणि एक मेंढी. त्यावर तिला वीस पैलूंचा फासा टाकायला लावला, तो घरंगळत दिवाणाखाली गेला. मी पालथा पडून मोबाइलच्या उजेडात वाचला: चौदा. पुरेसा होता. मँटिकोर उडून गेला. दीड तास, तलवार एकदाही उपसली नाही.

मग चष्मा पुसत तिने विचारलं, ‘आणि परवा याला परत भूक लागली म्हणजे?’

याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. पुढचा रविवार त्यातच गेला: मेंढ्या कोणाच्या, पैसे कोण भरणार, गावाची सभा. फलकावरची बाकीची कामं तशीच राहिली.

तेव्हा माझं मत, पवनचक्कीच घे. तीन-चार पोरं जमणार असतील तर २०२२ चा स्टार्टर सेट ‘ड्रॅगन्स ऑफ स्टॉर्मरेक आइल’ बघ, तो तिसऱ्या लेव्हललाच थांबतो आणि पात्रं तयार मिळतात. पुतणी भुताच्या गोष्टींवर वाढलेली असेल तर ‘कॉल ऑफ क्थुलू’ या अशाच पण भयकथांच्या खेळातली ‘द हाँटिंग’ ही गोष्ट. १९८१ पासून लोक नवख्यांना तीच खेळवतायत, प्राथमिक नियमांसकट फुकट मिळते. भुताटकीमुळे घराला भाडेकरू टिकत नाही म्हणून घरमालक चौकशीला माणसं नेमतो. गोष्ट बोस्टनची आहे तीच ठीक, मुंबईत आणू नकोस. इथे भुताच्या घरालाही लोक पागडी देऊन राहतील. डी अँड डीचे मूळ नियमही फुकट मिळतात, जाड पुस्तकं आत्ताच घेत बसू नकोस.

आणि शीट भरण्यात तिची संध्याकाळ घालवू नकोस. तयार शीट दे, नाव तेवढं तिला ठेवू दे, आणि पहिल्या दहा मिनिटांत तिला विचार, ‘तू काय करतेस?’ मग गप्प बस. हे तुला जमत नाही, मला माहीत आहे. तोंडात सुपारी धर.

किट कुरिअरने पाठवतोय. माझा निळा वीस पैलूंचा फासा त्या शनिवारपासून तुझ्याकडेच आहे, हे तू नाकारू नकोस. पुतणीला त्यानेच खेळव आणि तिच्याबरोबर परत पाठव. आत्या दिवाळीला येतेय, तिला पुन्हा त्या मँटिकोरकडे जायचंय. मेंढी महाग पडली म्हणते.

तुझा,
मंदार