आधी बुडखे मोजा, मग खड्डे खणा : वनमंत्र्यांना खुले पत्र

मा. वनमंत्री, महाराष्ट्र राज्य,
सविनय नमस्कार.

मराठवाड्यातल्या बालाघाटच्या डोंगरांवर लागवडीचे खड्डे पडतात ते 45 सेंटिमीटर लांब, तेवढेच रुंद, तेवढेच खोल. खणण्याआधी त्या जागी जरा वाकून पाहायला सांगा. गुडघ्याएवढं धावड्याचं झुडूप दिसेल. शेंडे शेळ्यांनी कुरतडलेले, पण बुडखा मनगटाएवढा जाड. हे वाढू न दिलेलं झाड आहे. मुळं मुरमाच्या भेगांत उतरलेली, म्हणून पावसाने ऑगस्टमध्ये ओढ दिली तरी ते तग धरतं. पिशवीतल्या रोपाची मुळं तळाशी वेटोळी झालेली असतात. तशीच लावली तर पहिला उन्हाळा निघत नाही. मग रोपं जगल्याची टक्केवारी राखायला गिरिपुष्प (ग्लिरिसिडिया) लावायचं, कारण त्याला गुरं सहसा तोंड लावत नाहीत!

बुडख्याचं काम थोडं आहे. माघात पानगळ झाली की दोन जोमदार फुटवे ठेवून बाकीचे धारदार कोयत्याने जमिनीलगत तिरपे छाटायचे. कोयता बोथट असला की साल फाटते, बुडखा कुजतो. समतल चरासाठी (पाणी अडवायला उताराला आडवा खणलेला चर) जेसीबी लावला तर हेच बुडखे आधी उपटले जातात.

चराई सगळ्या डोंगरावर एकदम बंद करू नका. धनगर आणि शेळीवाले रात्री कळप घालतील, राखणदार कुणाकुणाशी भांडणार? एक तृतीयांश डोंगर राखा, बाकी खुला ठेवा. राखलेल्या भागातलं गवत दिवाळीनंतर विळ्याने कापून नेऊ द्या. वणव्याला जळणही तेवढंच कमी मिळतं. मागच्या पायांवर उभ्या शेळीचं तोंड पोहोचणार नाही इतका, सहा-सात फुटांवर शेंडा गेला की तो भाग मोकळा करून पुढचा राखायचा.

ही राखण गावाने करायची तर हक्कही गावाचा हवा. 2006चा वनहक्क कायदा तो देतो. पण आदिवासी नसलेल्यांना 13 डिसेंबर 2005च्या आधीचं 75 वर्षांचं वास्तव्य दाखवावं लागतं. म्हणजे 1930, निजामाचं राज्य, उर्दू दप्तर. कुणबी नोंदींसाठी ती दप्तरं उघडली, तशी यासाठीही उघडा. जुन्या विहिरी, स्मशानं, देवस्थानं आणि वडीलधाऱ्यांचे लेखी जबाब या कायद्याच्या नियमांतच पुरावा आहेत. फक्त कागदावर अडून बसू नये, असं हे दावे तपासणाऱ्या उपविभागीय समित्यांना लेखी कळवा.

आणि लागवडीच्या पैशातून निदान एका तालुक्यात रोपांऐवजी राखणदाराची तीन वर्षांची मजुरी द्या.

आपले,
बालाघाटच्या डोंगरातले गावकरी