खासदारांच्या पगाराला लावलेला तक्ता आमच्या पेन्शनीलाही लावा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

खासदारांच्या पगारवाढीवर गेल्या आठवड्यात आपल्या वाचकपत्रांतून चर्चा झाली, काहींनी तर त्यांचा पगारच बंद करा असे लिहिले. त्यात मला थोडे बोलायचे आहे. सांगली जिल्ह्यातल्या एका सहकारी साखर कारखान्यात मी तेहतीस वर्षे नोकरी केली, शेवटची एकोणीस वर्षे पॅनमन, म्हणजे रस शिजवून साखर काढणारा, म्हणून. २०१३ साली अठ्ठावन्न पुरी झाली आणि निवृत्त झालो. पीएफची पेन्शन, म्हणजे १९९५ च्या कर्मचारी पेन्शन योजनेची (ईपीएस-९५), दरमहा २,१६४ रुपये ठरली. परवा बँकेत जाऊन पासबुक भरून आणले. आकडा तोच आहे. या पेन्शनीला महागाई भत्ता नाही, त्यामुळे बारा वर्षांत त्यात एक रुपयाची भर पडलेली नाही.

आता खासदारांचे पाहा. २४ मार्च २०२५ रोजी संसदीय कार्य मंत्रालयाची अधिसूचना निघाली. पगार एक लाखाचा १,२४,००० झाला, तोही १ एप्रिल २०२३ पासून, म्हणजे मागच्या दोन वर्षांच्या फरकासह. दैनिक भत्ता २,००० चा २,५०० झाला. माजी खासदारांची पेन्शन २५,००० ची ३१,००० झाली आणि पाच वर्षांपुढच्या प्रत्येक वर्षासाठी मिळणारी जादा पेन्शन २,००० ची २,५०० झाली.

वाढ नेमकी चोवीस हजारांचीच का, सरळ सव्वा लाख का केले नाहीत, हे मला कळेना. चौकशी केल्यावर समजले की २०१८ च्या वित्त कायद्याने खासदारांचा पगार पन्नास हजारांचा एक लाख केला, आणि यापुढे दर पाच वर्षांनी तो आयकर खात्याच्या महागाई निर्देशांकाप्रमाणे आपोआप वाढेल असे ठरवून टाकले. हा निर्देशांक जमीन किंवा घर विकताना नफ्यावरचा कर काढायला वापरतात. आमच्या बाजारपेठेतल्या कर सल्लागाराच्या ऑफिसात त्याचा तक्ता पुठ्ठ्यावर चिकटवून भिंतीला टांगलेला आहे. मी वहीपेन घेऊन तिथे गेलो आणि तक्ता उतरवून घेतला. २०१८-१९ ला २८०, २०२३-२४ ला ३४८. तीनशे अठ्ठेचाळीसला दोनशे ऐंशीने भागले की १.२४ येतात. एक लाखाचे एक लाख चोवीस हजार असे झाले. हिशेब चोख आहे, त्याबद्दल माझी काहीच तक्रार नाही.

पण वही हातात होतीच, म्हणून तिथेच बाकावर बसून आमचाही हिशेब केला. ईपीएस-९५ ची किमान पेन्शन सप्टेंबर २०१४ मध्ये १,००० रुपये ठरली आणि हे पत्र लिहीपर्यंत ती तेवढीच आहे. २०१४-१५ चा निर्देशांक २४०, २०२५-२६ चा ३७६. त्या हजाराचे आज १,५६७ व्हायला हवे होते. माझ्या निवृत्तीच्या वर्षी निर्देशांक २२० होता, त्या मापाने माझ्या २,१६४ चे ३,६९८ होतात. फरक दीड हजाराचा. आमच्या घरात बायकोच्या बीपीच्या आणि शुगरच्या गोळ्या महिनाभर आणायला एवढेच पैसे लागतात, आणि ते आज मुलाकडे मागावे लागतात. देशात पाऊण कोटीहून जास्त लोक या पेन्शनीवर आहेत. त्यांच्यातले काही जण २०१८ च्या डिसेंबरपासून बुलढाण्यात साखळी उपोषण करत आहेत. त्यांची मुख्य मागणी महिना ७,५०० रुपये आणि वर महागाई भत्ता ही आहे.

तरीही ज्या वाचकांनी खासदारांचा पगारच बंद करा असे लिहिले, त्यांच्याशी मी सहमत नाही. आमच्या युनियनच्या अभ्यासवर्गात एक गोष्ट सांगितली होती, ती मनात बसली आहे. इंग्लंडमध्ये १९११ पर्यंत पार्लमेंटच्या सभासदांना पगारच नव्हता, त्यामुळे बहुतेक ज्याच्या घरी जमीनजुमला तोच निवडून जाऊ शकायचा. पगार सुरू झाला तो कामगारांच्या प्रतिनिधींनाही तिथे बसता यावे म्हणून. आपल्याकडे १९५४ च्या कायद्याने खासदाराला महिना चारशे रुपये ठरले, त्यामागेही हीच भावना होती. आजच्या लोकसभेत ५४३ पैकी ५०४ खासदार कोट्यधीश आहेत असे उमेदवारांची माहिती तपासणाऱ्या एडीआर या संस्थेने त्यांच्याच प्रतिज्ञापत्रांवरून मोजले आहे. पण उरलेले एकोणचाळीस जण आहेत, आणि उद्या एखादी ऊसतोड कामगाराची मुलगी निवडून गेली तर तिला दिल्लीत घर लागेल, ऑफिसात माणूस ठेवावा लागेल. वर्षाला मिळणाऱ्या ३४ मोफत एकेरी विमानप्रवासांवरही मी बोट ठेवणार नाही. लक्षद्वीपच्या किंवा लडाखच्या खासदाराने दिल्ली कशी गाठायची? आणि संसदेच्या कँटीनमधल्या स्वस्त थाळीचे दर अजूनही व्हॉट्सअॅपवर फिरतात, ते कृपा करून थांबवावे. त्या थाळीवरचे सरकारी अनुदान जानेवारी २०२१ मध्येच बंद झाले आहे. कोविडच्या वर्षी खासदारांनी आपला पगार तीस टक्क्यांनी कापून घेतला, हेही लक्षात ठेवले पाहिजे.

माझे भांडण पेन्शनीशी आहे. १९७६ साली खासदारांना पेन्शन सुरू झाली तेव्हा पाच वर्षे सदस्य राहिल्याची अट होती. २००४ साली किमान कालावधीची अटच काढून टाकली. आता कितीही काळ खासदार राहिले तरी आयुष्यभर पेन्शन आहे, आणि तिच्यासाठी त्यांच्या पगारातून वर्गणी कापली जात नाही. पैसा सरळ सरकारी तिजोरीतून जातो. आणि वर्ष पाहा. त्याच २००४ च्या १ जानेवारीपासून केंद्र सरकारच्या नव्या कर्मचाऱ्यांची जुनी पेन्शन बंद झाली. लष्कर सोडून सगळ्यांना सांगितले गेले की तुमच्या पगारातून कापू, बाजारात गुंतवू, जे येईल ते तुमचे. कर्मचाऱ्यांसाठी हे झाले त्याच वर्षी संसदेने आपल्यासाठी उलटी वाट धरली. हे मी आज एकवीस वर्षांनी लिहितो आहे, पण त्या वेळी आम्ही कामगारांनी आवाज उठवायला हवा होता. आमच्या लक्षातच आले नाही.

आमच्या पेन्शनीला दहा वर्षे लागतात. माझ्या ओळखीचा एक गडी शेजारच्या तालुक्यातल्या कारखान्यात हंगामी कामगार होता, मिल हाऊसमध्ये. त्याचे नऊ हंगाम भरले. दहाव्या वर्षी बॉयलर पेटलाच नाही, कारखाना बंद पडला. दुसरीकडे पीएफ असलेले काम त्याला मिळाले नाही. पीएफ ऑफिसात सांगितले की पेन्शन बसत नाही, एकरकमी रक्कम काढून घ्या. त्याने ती काढली आणि मुलीच्या लग्नात घातली. आज तो सत्तरीला आला आहे आणि एका शाळेच्या गेटवर रात्रपाळी करतो. एक हंगाम कमी पडला. मालकाच्या हिश्श्यातून पगाराचे ८.३३ टक्के नऊ वर्षे त्याच्या नावावर भरले गेले होते, तरी एका हंगामाची सूट मिळाली नाही. हा नियम वाईट आहे असेही मी म्हणत नाही, कुठेतरी रेघ ओढावी लागतेच. मग ती खासदारांसाठीही ओढा.

शिवाय आधी आमदार आणि मग खासदार झालेल्या माणसाला निवृत्तीनंतर दोन्ही पेन्शनी मिळतात. आपल्या महाराष्ट्रात माजी आमदाराची पेन्शन ५०,००० रुपयांपासून सुरू होते, माजी खासदारापेक्षाही जास्त. २०१६ च्या पावसाळी अधिवेशनात ती वाढ चर्चेविना मंजूर झाली होती. पंजाबात प्रत्येक टर्मची वेगळी पेन्शन मिळायची, ती पद्धत २०२२ मध्ये कायदा करून थांबवली. म्हणजे मनात आणले तर होते.

न्यायालयाकडून काही होणार नाही. माजी खासदारांच्या पेन्शनीला आव्हान देणारी याचिका सर्वोच्च न्यायालयाने १६ एप्रिल २०१८ रोजी फेटाळली, हा विषय संसदेने ठरवायचा आहे असे सांगून. घटनेच्या कलम १०६ नेही पगार-भत्ते ठरवण्याचा अधिकार संसदेलाच दिला आहे. पण कायदा संसदेने करावा आणि आकडा दुसऱ्या कोणी सुचवावा, याला घटनेची आडकाठी नाही. २०१० साली खासदारांच्याच समितीने पगार ८०,००१ रुपये करा अशी शिफारस केली होती. वरचा एक रुपया कशाला, तर केंद्राच्या सचिवाला ८०,००० मिळत होते आणि खासदाराचा मान वरचा. शेवटी ५०,००० झाले, पण आपला पगार आपण ठरवायला बसले की हिशेबात कामाऐवजी मान येतो, हे त्या एका रुपयात मला दिसते. ब्रिटनमध्ये २००९ साली खासदारांच्या खोट्यानाट्या खर्चाची प्रकरणे बाहेर आली, त्यानंतर हे काम संसदेबाहेरच्या स्वतंत्र संस्थेकडे दिले गेले. आपल्याकडे सरकारी कर्मचाऱ्यांना वेतन आयोग असतो, तसाच एक खासदारांसाठी बसवता येईल. त्यात निवृत्त न्यायाधीश असावेत, हिशेब तपासणारे असावेत, आणि पीएफच्या पेन्शनीवर जगणारा एकतरी माणूस असावा.

त्या आयोगापुढे मी गेलो तर तीनच गोष्टी मागीन. पेन्शनीसाठी निदान पाच वर्षांची अट परत आणा. पगारातून वर्गणी कापा. आमदारकी-खासदारकी मिळून एकच पेन्शन द्या. ऑस्ट्रेलियाने २००४ पासून नव्या खासदारांची जुनी पेन्शन बंद करून त्यांना इतर नोकरदारांसारखीच वर्गणीची योजना लावली. तिथे कुणी निवडणूक लढवायचे थांबलेले नाही.

आणि चौथी गोष्ट आमच्यासाठी. जो निर्देशांक खासदारांच्या पगाराला आपोआप लागतो तोच ईपीएस-९५ ला आपोआप लावा. ७,५०० ची मागणी आहेच, ती मी सोडत नाही, पण तोवर निदान एवढे करता येईल. खासदारांचा पुढचा पाच वर्षांचा हप्ता १ एप्रिल २०२८ ला आहे. त्याच तारखेला आमचाही धरावा.

वहीत उतरवलेला तक्ता आणि दोन्ही हिशेब या पत्राच्या प्रतीला जोडून सोमवारी आमच्या खासदारांच्या संपर्क कार्यालयात नेऊन देणार आहे. पोच घेऊन ठेवीन. उत्तर आले तर आपल्याला कळवतो.

आपला,
एक निवृत्त साखर कामगार
जि. सांगली