वजनाच्या नोंदीशेजारी झोपेचीही नोंद हवी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

शाळांत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक येतं, मुलांची उंची-वजनं घेतं, कार्डावर आकडे चढतात. वजन जास्त निघालं की ठरलेला सल्ला मिळतो: बाहेरचं खाणं बंद करा, मैदानावर पाठवा. मूल रात्री किती वाजता झोपतं, हे मात्र सहसा कोणी विचारत नाही. त्या कार्डावर ‘झोप लागण्याची वेळ’ आणि ‘उठण्याची वेळ’ असे दोन रकाने वाढवावेत, एवढ्यासाठी हे पत्र.

६ ते १२ वर्षांच्या मुलाला चोवीस तासांत ९ ते १२ तास झोप लागते, १३ ते १८ वयात ८ ते १० तास. आता आपल्या सोलापुरातला हिशेब मांडून पाहा. शाळा सकाळी सातची, रिक्षा सव्वासहाला दारात, म्हणजे साडेपाचला उठणं आलं. सहावीतल्या मुलाला किमान नऊ तास मिळायचे तर साडेआठला डोळा लागायला हवा. त्या वेळी ते क्लासवरून नुकतं आलेलं असतं. वडील दुकान वाढवून साडेनऊला येतात, पानं दहाला मांडली जातात. रोजचे दोन तास इथंच गेले. फेब्रुवारी २०२४ च्या शासन निर्णयानं चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊ किंवा त्यानंतर भरवायचं ठरलं, हे चांगलंच झालं. पण पाचवीत गेलं म्हणून झोपेची गरज काही संपत नाही.

याचा वजनाशी संबंध काय? मोठ्या माणसांवरच्या प्रयोगांत झोप तोडल्यावर पोट भरल्याचा निरोप देणारं लेप्टिन कमी झालेलं आणि भूक चाळवणारं घ्रेलिन वाढलेलं दिसलं. मुलांवरचा एक अमेरिकी प्रयोग २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. ८ ते ११ वर्षांच्या त्याच मुलांना एक आठवडा रोज दीड तास जास्त आणि एक आठवडा दीड तास कमी झोपायला लावलं. जास्त झोपेच्या आठवड्यात त्यांचं खाणं दिवसाला सरासरी १३४ कॅलरींनी कमी भरलं. ज्वारीची एक लहान भाकरीच म्हणा. फक्त रात्री साडेदहाला भूक लागलेलं मूल भाकरी मागत नाही, फरसाणाचा डबा उघडतं. शिवाय पेंगुळलेलं मूल संध्याकाळी खेळायला न जाता कोचावर पडून राहतं. झोप हे वजनाचं एकमेव कारण नव्हे, पण घरच्या घरी आणि फुकटात सुधारता येईल असं आहे.

नोंद करताना एक चूक हमखास होते. पालक दिवा मालवल्याची वेळ सांगतात. मूल त्यानंतर पाऊण तास कूस बदलत असतं. म्हणून सलग तीन शाळेच्या रात्री आणि एक शनिवार, झोप खरोखर लागल्याची वेळ वहीत लिहावी. रविवारी मूल रोजच्यापेक्षा दोन तास उशिरा उठत असेल, तर आठवडाभराची झोप थकलेली आहे असं समजावं.

सुधारणा एका रात्रीत होत नाही. दहाला झोपणाऱ्याला अचानक साडेआठला अंथरुणात घातलं, तर ते छताकडे बघत राहतं, मग मोबाइल मागतं आणि आई हात टेकते. दर दोन-तीन दिवसांनी पंधरा मिनिटं अलीकडे आणा. रविवारीही तासाभरापेक्षा जास्त लोळू देऊ नका, नाहीतर सोमवारी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. वडिलांसाठी न थांबता मुलाचं जेवण साडेसातला उरका. दुपारी चारनंतर चहा नको. झोपेआधी तासभर मोबाइल स्वयंपाकघरात चार्जिंगला. उन्हाळ्यात सकाळची शाळा लागली की दुपारची झोप हवीच, पण तासाभराचीच आणि साडेतीनच्या आत. पाचपर्यंत झोपलेलं मूल रात्री अकराला टक्क जागं असतं.

आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये तापलेला स्लॅब मध्यरात्रीपर्यंत आग ओकतो. गच्ची शिंपडा म्हणावं, तर नळाला पाणी काही दिवसांआड. त्यापेक्षा मार्चमध्येच गच्चीवर चुन्याचे दोन हात द्यावेत आणि रात्री मच्छरदाणी लावून मुलांना वरच झोपवावं. शहराच्या पूर्व भागात शेजारचा यंत्रमाग रात्री चालत असेल, तर निदान अंथरूण त्या भिंतीपासून दूरच्या खोलीत हलवावं.

कार्डाबद्दल आणखी एक. नुसत्या किलोंवरून मुलाला जाड ठरवू नये. किलोतल्या वजनाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गानं भागावं: १३८ सेंमी उंची, ४२ किलो वजन म्हणजे ४२ भागिले १.९०, उत्तर सुमारे २२. हा आकडा मोठ्यांच्या मापानं न तोलता भारतीय बालरोगतज्ज्ञ संघटनेच्या २०१५ च्या तक्त्यात मुलाच्या वयासमोर, मुलगा-मुलगी पाहून वाचायचा असतो. आणि वजन जास्त असलेलं मूल जवळजवळ रोज घोरत असेल, तोंडानं श्वास घेत असेल, सकाळी डोकं दुखतं म्हणत असेल, तर आधी कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडून टॉन्सिल आणि नाकामागच्या गाठी तपासून घ्याव्यात. तिथं श्वास अडत असेल, तर नऊ तास अंथरुणात काढूनही झोप पुरी होत नाही.

आपले,
काही वाचक, सोलापूर