काका, तो प्रश्न तुम्ही मुद्दाम विचारलात

प्रिय काका,

आधीच्या कंपनीत माझं 'ट्रेनिंग' म्हणजे कार्यक्रमाच्या दोन झेरॉक्स आणि "बाकी अनुभवाने येतं" हे वाक्य. पहिल्याच सहलीत ३२ पर्यटक घेऊन सोमवारी अजिंठ्याला पोचले. सोमवारी अजिंठा बंद असतो, हे ऑफिसात निदान चौघांना ठाऊक होतं. कार्यक्रम आखणाऱ्यालाही असावं! पण जो तो आपली माहिती फोनमध्ये आणि डोक्यात कुलूप लावून ठेवायचा. नव्याला शिकवलं तर उद्या तोच आपल्या खुर्चीत बसेल, ही भीती. शिव्या मात्र मी खाल्ल्या.

इथे मात्र तुम्ही पहिल्याच दिवशी तुमची वही हातात ठेवलीत. अजिंठा सोमवारी बंद, वेरूळ मंगळवारी. अजिंठ्याला जाताना फर्दापूरला गाडी सोडून पुढे बस, म्हणून पाणी आणि औषधं गाडीत विसरू देऊ नका. पहिल्या लेण्यात डोळे अंधाराला सरावू द्या, मगच पद्मपाणी बोधिसत्त्वाचं चित्र दाखवा. वेरूळची लेणी पश्चिमेला तोंड करून आहेत, दुपारनंतर उजेड चांगला. वही मोलाची आहेच, पण हे पत्र तिच्यासाठी नाही.

वेरूळला कैलास लेण्याच्या अंगणात माझी बोबडी वळली. राष्ट्रकूट, कृष्ण पहिला, आठवं शतक, सगळं पाठ होतं आणि तोंडातून शब्द फुटेना. तेवढ्यात मागून तुमचा आवाज आला, "ताई, एवढं देऊळ बांधायला दगड आणला कुठून हो?"

"आणलाच नाही काका! अख्खा डोंगर वरून खाली कोरत आणलाय. आधी कळस, मग पाया." मग मी थांबलेच नाही.

गटात तुम्हाला कुणी ओळखत नव्हतं. पुढच्या एका आजोबांनी तर 'एवढंही माहीत नाही?' अशा नजरेनं तुमच्याकडे वळून पाहिलं. आयुष्य या लेण्यांत घालवलेले तुम्ही, टोपी सावरत, मान डोलावत माझं ऐकत उभे राहिलात. परतीच्या वाटेवर त्याचा चकार शब्द काढला नाहीत. मीही काढला नाही, कारण रडले असते.

दुसऱ्याला उभं करण्यासाठी चारचौघांत अडाणी ठरायला किती मोठं मन लागतं! हुशार माणसं या धंद्यात पुष्कळ भेटली, अशी फार नाहीत.

वही रविवारी आणून देते. तिच्यावरचा चहाचा डाग माझा आहे, आधीच सांगितलेलं बरं.

तुमची,
'ताई'