रविवारची श्रवणबैठक : पोलंडची गायलेली कविता

सर्व सभासदांना नमस्कार.

येत्या रविवारी संध्याकाळी ठीक ६ वाजता, नेहमीच्या जागी, आपण पोलिश ‘पोएझ्या श्पिएवाना’ म्हणजे गायलेली कविता ऐकणार आहोत.

सुरुवात गायिका एवा देमार्चिक यांच्यापासून. पोलंडमधल्या क्राकुव शहराच्या मुख्य चौकातल्या एका वाड्याच्या तळघरात १९५६ साली ‘पिव्नित्सा पोद बारानामी’ हे कॅबरे, म्हणजे गाणी, कविता आणि प्रहसनांचा छोटा रंगमंच, सुरू झालं. देमार्चिक यांचं नाव झालं ते तिथेच. संगीतकार झिग्मुंट कोन्येच्नी. देमार्चिक यांनी गायलेल्या कवितांत बाचिन्स्कीच्या कविताही आहेत. हा कवी १९४४ च्या, नाझींविरुद्धच्या वॉर्सा उठावात, वयाच्या अवघ्या २३ व्या वर्षी मारला गेला. देमार्चिक कविता नुसती गात नाहीत, शब्दाशब्दाला भिडतात. माझ्या मते संपूर्ण बैठक त्यांच्यावरच करता आली असती.

उत्तरार्धात गिटारवरची, भटक्यांची गाणी : वोइचेख बेल्लोन यांचं गायकमंडळ ‘वोल्ना ग्रुपा बुकोविना’, आणि कवी एडवर्ड स्ताखुराच्या कविता गाणारं मंडळ ‘स्तारे दोब्रे माउझेन्स्त्वो’. ही गाणी तिकडे डोंगरात शेकोटीभोवती सगळे मिळून म्हणतात.

कवितांचे मराठी गद्य अनुवाद छापून देऊ. कृपया गाणं सुरू होण्याआधीच वाचून घ्या. चालू गाण्यात कागदांची सळसळ फार बोचते. फोन पूर्ण बंद ठेवा. ध्वनिमुद्रण करू नये.

पाहुणे आणायचे असल्यास शुक्रवारपर्यंत गटावर कळवा, म्हणजे सतरंज्या आणि चहाचा अंदाज येईल. ज्यांना खुर्ची लागते त्यांनीही सांगावं, संकोच करू नये.