बाबांनी बोट ठेवलेला उंचवटा

तीर्थरूप आई व तीर्थरूप बाबा यांना शिरसाष्टांग नमस्कार.

मागच्या भेटीत माझ्या संगणकावर एक आलेख उघडा होता. बाबांनी त्यातल्या छोट्याशा उंचवट्यावर बोट ठेवून विचारले होते, "हा कण खरोखर आहे की नाही?" त्या वेळी "अजून ठरायचे आहे" एवढे बोलून मी विषय संपवला. ते उत्तर मला तेव्हापासून अपुरे वाटत आले आहे, म्हणून आज सविस्तर लिहिते.

तो आलेख हंगेरीतील डेब्रेत्सेनच्या अटॉम्की संस्थेतल्या प्रयोगाचा होता. तेथे आत्तिला क्रास्नाहोर्काई आणि त्यांचे सहकारी लिथियमच्या पातळ थरावर प्रोटॉनचा झोत सोडतात. त्यातून बेरिलियम-8 चे उत्तेजित अणुकेंद्रक तयार होते आणि ते आपली जादा ऊर्जा कधी गॅमा किरणाच्या, तर फार क्वचित इलेक्ट्रॉन व पॉझिट्रॉन (इलेक्ट्रॉनचा धन विद्युतभाराचा जुळा) यांच्या जोडीच्या रूपाने टाकते. या जोडीतल्या दोघांमधला कोन मोजणे हा प्रयोगाचा गाभा आहे. कोन वाढेल तशा जोड्या सावकाश कमी होत जाव्यात, असे सिद्धांत सांगतो. परंतु 2016 मध्ये त्यांनी प्रसिद्ध केलेल्या मोजमापांत 140 अंशांच्या आसपास जोड्या अपेक्षेपेक्षा जास्त निघाल्या. बाबा, तुमचे बोट नेमके तेथेच होते.

कोनावरून कण कसा ओळखतात, हे मला सर्वांत सुंदर वाटते. केंद्रकाकडे टाकण्यासाठी 18 मेगा इलेक्ट्रॉन व्होल्टपेक्षा (अणुकेंद्रकांच्या जगात ऊर्जा आणि वस्तुमान दोन्ही याच एककात मोजतात) किंचित जास्त ऊर्जा असते. त्यातून एखादा नवा कण बाहेर पडला आणि 17 मेगा इलेक्ट्रॉन व्होल्ट त्याच्या वस्तुमानातच खर्च झाले, तर वेगासाठी फारसे काही उरत नाही. असा संथ कण फुटला की त्याचे दोन तुकडे जवळजवळ विरुद्ध दिशांना जातात. तो हलका आणि वेगवान असता तर दोघेही पुढच्या दिशेने जवळजवळ राहिले असते. म्हणून कोन कळला की वस्तुमान कळते. ते इलेक्ट्रॉनच्या सुमारे 33 पट निघाले आणि त्या कल्पित कणाला एक्स-17 हे नाव पडले. पुढे सैद्धांतिक भौतिकशास्त्रज्ञ जोनाथन फेंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी असे सुचवले, की हा कण न्यूट्रॉनशी नाते ठेवतो पण प्रोटॉनला जवळजवळ टाळतो, कारण तसे नसते तर पायॉन नावाच्या अल्पायुषी कणाच्या क्षयात तो आधीच दिसला असता.

आई, एवढ्याशा फरकावरून नवा कण मानणे तुला घाईचे वाटले होते. तुझी शंका अगदी रास्त आहे. पण बीटा क्षयातही, म्हणजे अणुकेंद्रकातून इलेक्ट्रॉन बाहेर पडतो त्या क्रियेतही, असेच झाले होते. बाहेर पडणाऱ्या इलेक्ट्रॉनची ऊर्जा दर वेळी वेगळी भरत होती, हिशेबातून काही ऊर्जा नाहीशी होत होती आणि नील्स बोर यांच्यासारखे शास्त्रज्ञ ऊर्जेच्या अक्षय्यतेचा नियमच सोडायला तयार झाले होते. तेव्हा 4 डिसेंबर 1930 रोजी वोल्फगांग पाउली यांनी ट्युबिंगेनच्या बैठकीला पत्र पाठवून सुचवले, की उरलेली ऊर्जा एक न दिसणारा, विद्युतभार नसलेला कण घेऊन जात असावा. तो न्यूट्रिनो प्रत्यक्ष सापडायला 1956 उजाडले.

याउलट अनुभव मी स्वतः घेतला आहे. बी-मेसॉन नावाच्या अल्पायुषी कणाच्या एका दुर्मीळ क्षयात म्यूऑन (इलेक्ट्रॉनचा जड भाऊ) आणि इलेक्ट्रॉन जवळजवळ सारख्याच प्रमाणात निघायला हवेत. 2021 मध्ये जिनिव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेतील एलएचसीबी प्रयोगाने ते गुणोत्तर एकाऐवजी 0.846 असल्याचे सांगितले आणि जगभर लेप्टोक्वार्क नावाच्या कल्पित कणांवर लिखाण सुरू झाले. माझीही गणिते त्यात होती. डिसेंबर 2022 मध्ये त्याच गटाने जाहीर केले, की दुसरेच काही कण इलेक्ट्रॉन म्हणून मोजले गेले होते. तो भाग वजा केल्यावर गुणोत्तर सिद्धांताशी जुळले. त्या दिवशी मी फोनवर फारशी बोलले नव्हते, त्याचे कारण हे होते. मला वाईट वाटले, पण स्वतःच्याच गाजलेल्या निष्कर्षातली चूक इतक्या काटेकोरपणे शोधून मांडणाऱ्या त्या गटाबद्दल आदर अधिक वाटला.

आता बाबांच्या प्रश्नाकडे येते. माझा कल सध्या 'नाही'कडे आहे. स्वित्झर्लंडमधील एमईजी-2 प्रयोगाने लिथियमवर प्रोटॉन सोडूनच हा शोध पुन्हा घेतला आणि 2024 मध्ये जाहीर केलेल्या निकालात तो उंचवटा त्यांना आढळला नाही. मात्र त्यांच्या मोजमापांनी एक्स-17 ची शक्यता पुरती मोडीतही निघत नाही. माझा अधिक भरवसा इटलीतील फ्रास्काती येथील पाद्मे प्रयोगाच्या वाटेवर आहे. तेथे पॉझिट्रॉन थेट इलेक्ट्रॉनवर आदळवतात, त्यामुळे केंद्रकाच्या गुंतागुंतीतून येणारी शंका उरतच नाही. त्यांना 16.9 मेगा इलेक्ट्रॉन व्होल्टच्या जवळ थोडी वाढ दिसली आहे, पण सर्व शक्यता धरता ती दोन सिग्मांपर्यंतही पोहोचत नाही (सिग्मा म्हणजे योगायोगापासूनचे अंतर मोजण्याचे माप; शोध म्हणायला पाच लागतात) आणि एवढ्यावर मी कोणालाही 'आहे' म्हणून सांगणार नाही.

पुढच्या भेटीत पाद्मेचा आलेख छापून आणीन. त्यात आडव्या अक्षावर कोन नसून ऊर्जा आहे, तेवढे बाबांनी लक्षात ठेवावे.

तुमची लेक