प्रतिरूपाला छायाचित्र म्हणू नका

महोदय,

परग्रहांच्या, म्हणजे दुसऱ्या ताऱ्यांभोवती फिरणाऱ्या ग्रहांच्या, बातम्यांसोबत छापली जाणारी बरीचशी चित्रे छायाचित्रे नसतात. ती चित्रकाराची कल्पना असते किंवा संगणकावर रचलेले प्रतिरूप. चित्राखाली तसे स्पष्ट छापावे, ही कळकळीची विनंती.

प्रतिरूप म्हणजे थाप नव्हे. दृश्य प्रकाशात पृथ्वी सूर्यापेक्षा सुमारे १००० कोटी पट मंद, गुरूही जवळपास १०० कोटी पट; म्हणजे ताऱ्याच्या झगझगाटात ग्रह बुडूनच जातो. ‘नासा’च्या रोमन अवकाश दुर्बिणीतले करोनाग्राफ हे उपकरण ताऱ्याचा झगझगाट अडवते, पण आरशांवरच्या अतिसूक्ष्म उंचसखलपणामुळे प्रकाशाचे ठिपके उरतातच आणि ते थेट ग्रहासारखे दिसतात! म्हणून शास्त्रज्ञ तारा, ठिपके, कॅमेऱ्यातला ‘गोंगाट’ (प्रतिमेत मिसळणारे नको ते दोष) असे सगळे आधी संगणकावर उभे करतात, त्यात ग्रह दडवतात आणि इतरांना तो शोधायला लावतात. सप्तर्षीतल्या ‘४७ उर्सा मेजोरिस’ ताऱ्याच्या प्रतिरूपांवर असे जाहीर आव्हान ठेवले गेले होते. (काळोख्या गावातून हा तारा नुसत्या डोळ्यांनी, मंदसा का होईना, दिसतो.) एवढी मेहनत ‘ग्रहाचा फोटो’ या दोन शब्दांत झाकली जाते, याचे वाईट वाटते.

मूळ चित्रओळीत ‘सिम्युलेशन’ (प्रतिरूप) असा उल्लेख बहुधा असतोच. भाषांतरात तो तेवढा गाळू नये.

– एक आकाशनिरीक्षक, सातारा